पटावरचं एक नाव

शारदाबाईंनी खडू फळ्यावर टेकवला आणि मागे न वळता विचारलं,

"सात आठे?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग बारीक आवाजात आलं.

"चोपन्न."

"पुन्हा विचार कर."

"चोपन्नच ना, बाई?"

शारदाबाई वळल्या. जमिनीवर सहा लांब बस्करं अंथरलेली होती. पाच रिकामी होती. सहाव्यावर, खिडकीच्या बाजूला, मथुरा मांडीवर पाटी घेऊन बसली होती. नऊ वर्षांची, सावळी, तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली मुलगी. पाठीमागे कोणी नसूनही ती अंग चोरून बसायची.

"ये इकडं," शारदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाटातला चिंचोक्यांचा डबा काढला.

दोघी फळ्याखाली बसल्या. आठ-आठ चिंचोक्यांचे सात ढीग झाले. मथुरानं एकेक ढीग बोटानं सरकवत मोजलं आणि छप्पन्नला पोचल्यावर तिचा चेहरा असा उजळला, की जणू हा आकडा जगात आजच सापडला होता. शारदाबाईंनी चिंचोके डब्यात भरले. बाहेर लोटू शिपायानं घंटा वाजवली. एक तास बरा गेला होता.

गेल्या तीन महिन्यांत चौथीच्या मराठी वर्गाचे तास असेच एकेक करून जात होते. जुलैत पटावर अकरा मुली होत्या. गणपती झाल्यावर चार गेल्या, दिवाळीनंतर सहा. गेल्या म्हणजे लांब कुठं नाही, चौक ओलांडून समोरच्या हिंदी वर्गात. खालच्या तीन इयत्ता तर जुलैपासूनच हिंदीत होत्या. पालक येत, चपला बाहेर काढून नम्रपणे उभे राहत आणि सगळ्यांचं म्हणणं एकच असे. बाई, आता राजधानी भोपाळ. पोरांचं पुढचं सगळं हिंदीत. घरी आम्ही मराठीच बोलतो, ते कुठं जातंय?

त्यांचं चुकत होतं असं शारदाबाईंना म्हणता येत नव्हतं. सव्वा वर्षापूर्वी प्रांतांच्या नव्या रेघा ओढल्या गेल्या, तेव्हा नागपूर, अमरावती, बुलढाणा मुंबईकडे गेले आणि शाळेचं हे बऱ्हाणपूर होतं तिथंच, मध्य प्रदेशात राहिलं. शाळेतल्या दोघी शिक्षिका नवऱ्यांच्या बदल्यांबरोबर मलकापूरला निघून गेल्या. भुसावळहून धाकट्या भावानं, वसंतानं, दोन पत्रं पाठवली. ये इकडं, एवढ्या मराठी शाळा आहेत, कुठंही लागशील. शारदाबाईंनी दोन्ही वेळा कळवलं, माझ्या वर्गात मुली आहेत. दुसऱ्या पत्रात त्यांनी 'मुली' हा शब्द लिहिला तेव्हा पटावर मथुरा एकटीच होती.

पटावर नाव आहे तोवर एप्रिलपर्यंत वर्ग मोडायचा नाही, असं तपासनीस साहेब सांगून गेले होते. त्यानंतरचं पाहू. त्यानंतरचं काय, हे कोणाला विचारण्यात अर्थ नव्हता. शारदाबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. याच शाळेत त्या शिकल्या, आणि नवरा गेल्यावर याच शाळेत शिकवू लागल्या. त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. बुधवारा पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्या आणि हा वर्ग, एवढ्यातच त्यांचं येणंजाणं होतं.

जानेवारीत भोपाळच्या कार्यालयातून एक कागद आला. प्रत्येक जुन्या शाळेनं आपला इतिहास लिहून पाठवायचा होता. शाळा कधी निघाली, कोणी काढली, कुठकुठं भरली, कोणत्या वर्षी किती मुली होत्या. मुख्याध्यापिका दीक्षित बहनजी होशंगाबादकडच्या होत्या, तिशीतल्या, येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्या कागद घेऊन स्वतः शारदाबाईंच्या वर्गात आल्या.

"बाईजी, यह काम आपके सिवा कोई नहीं कर सकता."

"मी मराठीत लिहीन," शारदाबाई म्हणाल्या.

"लिखिए. हिंदी मैं कर लूँगी."

दोघी एकमेकींशी अशाच बोलत. एक हिंदीत, एक मराठीत. समजण्याची अडचण दोघींनाही नव्हती.

मग दुपारचा शेवटचा तास इतिहासाला जाऊ लागला. शारदाबाई जुने हजेरीपट कपाटातून काढत. वाळवीनं खाल्लेल्या कडा हलक्या हातानं सोडवत, टिपणं करत आणि लिहिलेलं मथुराला वाचून दाखवत. ऐकायला दुसरं होतंच कोण?

"सन एकोणीसशे आठ. बुधवाऱ्यात एका कापूसवाल्याच्या माडीवर सात मुलींना घेऊन शाळा सुरू झाली. खाली कापसाच्या गासड्या असत. शिंका येत म्हणून मुली तोंडाला फडकं बांधून बसत."

"सातच?" मथुरानं विचारलं.

"पहिल्या वर्षी सात. चौथ्या वर्षी एकतीस. त्यात मीही होते. मग प्लेग आला, शाळा वर्षभर बंद. त्यानंतर ही जागा मिळाली. चौतीस साली पट एकशे बारा."

"एकशे बारा!" मथुरा पाटी खाली ठेवून सरसावून बसली. "एवढ्या कुठं मावत असतील बाई?"

"ओसरीवर बसत. चौकातसुद्धा."

"मंग खो-खोचे किती डाव होत असतील?"

शारदाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. शाळा काढणाऱ्यांची नावं, माडी, प्लेग, नवी इमारत हे सगळं सोडून या मुलीनं नेमकं हेच विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं,

"ते कुठं लिहून ठेवलेलं नाही," आणि पान उलटलं.

मधल्या सुट्टीत हिंदी चौथीच्या मुली चौकात खो-खो खेळत. डाव वर्गावर्गाचे असत. मथुरा ओसरीच्या खांबाला पाठ लावून डबा खाई, आणि डबा संपला तरी तो मांडीवर तसाच धरून बसे. शारदाबाईंना ते वर्गातून दिसे. मुलगी मुळात शांत आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मथुरा आली नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. लोटूनं सहाही बस्करं अंथरली, संध्याकाळी गुंडाळली. शारदाबाई टेबलाशी इतिहास लिहीत बसल्या, पण वाचून दाखवायचं नसलं की वाक्यं लवकर संपत, हे त्यांच्या लक्षात आलं. बुधवारीही बस्कर रिकामंच राहिलं, तेव्हा शाळा सुटल्यावर त्यांनी छत्री घेतली आणि गावाच्या शनवारा दरवाज्याकडे चालू लागल्या.

मथुराचा बाप निंबा केळी करायचा. माल बैलगाडीनं लालबागच्या स्टेशनावर न्यायचा. दरवाज्याबाहेर, रस्त्याला लागून त्याचं घर होतं. पुढचं दार उघडंच होतं. शारदाबाई हाक मारणार, तोच मागच्या अंगणातून निंबाचा आवाज आला.

"बारा थर लागले. एका थरात नऊ घड. किती झाले गं?"

"एकशे आठ," उत्तर आलं. क्षणाचाही वेळ न घेता, खणखणीत.

"आन् मांगच्या गाडीतले शहात्तर?"

"एकशे चौऱ्यांशी. अप्पा, तो घड फुटला आहे, तो नका धरू त्यात. एकशे त्र्यांशी."

शारदाबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. तो आवाज ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अगं माय, बाई!" मालूबाई, मथुराची आई, चुलीपाशी होती. ती हात पुसत लगबगीनं उठली. "या ना, या. उभ्या कायले? पोरीले ताप होता दोन दिवस. आज उतरला. उद्या धाडतेच होती."

तिनं पाट मांडला, चहा ठेवला. तिच्याशी शारदाबाईंचं बोलणं कधी फार झालं नव्हतं, पण ओळख जुनी होती. तीही दुसरीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलेली. मग तिचं लग्न झालं.

"हिशेबात हुशार आहे की गं मथुरा," शारदाबाई म्हणाल्या.

"हाव तर. तिच्या बापाले बोटं मोजा लागतात, तिले नही लागत. लहानपणापासूनच."

शारदाबाईंनी कप हातात घेतला. चहा गरम होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"मग वर्गात का चुकते?"

मालूबाई हसली. मग आपण हसायला नको होतं असं वाटून तिनं पदर नीट केला.

"आता काय सांगू बाई. दिवाळीलेच तिचा बाप म्हने, नाव काढून तिकडं टाकू. सगळ्यांच्याच पोरी गेल्या. मीच नही म्हटलं. म्हटलं, बाईंनी आमाले शिकवलं, बाईंच्या वर्गात एक तरी पोरगी पाह्यजे. चार-सहा महिन्यांचा तर सवाल. मथुराले बी समजावलं, बाईले एकटं नको सोडू. पोरगी ऐकते. म्हने, माय, मले सगळं आलं तर बाई दिवसभर काय करतील?"

अंगणात बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. निंबानं गाडी जुंपायला घेतली असावी.

"रडते का कधी?" शारदाबाईंनी विचारलं.

मालूबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "कधी कधी. म्हन्ते, शाळेत मीच पहिली आन् मीच शेवटली."

शारदाबाईंनी चहा संपवला. ताप उतरलाय ना, मग झालं, असं काहीतरी म्हणाल्या. मालूबाईनं पिकल्या केळ्यांची मोठी फणी आग्रहानं पिशवीत घातली. मथुराला हाक मारू का, असं ती विचारत होती, पण त्यांनी नको म्हटलं.

परतताना त्या झपाझप चालत होत्या. कानशिलं तापली होती. सत्तावीस वर्षांत कोणी त्यांच्यावर दया केली नव्हती, कोणाला तशी संधीच त्यांनी दिली नव्हती. आणि आता नऊ वर्षांची पोर रोज सकाळी वेणी घालून, डबा घेऊन, त्यांचा वेळ जावा म्हणून येत होती. उद्याच चांगलं खडसावावं तिला. आईलाही बोलवावं. मराठी शिकायला येतेस की माझी सोबत करायला, असं तोंडावर विचारावं. बुधवाऱ्याच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी सगळी वाक्यं जुळवली होती. घरात आल्यावर पिशवी खुंटीला लावली आणि साडी न बदलता त्या बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. शेजारच्या घरी कोणीतरी मोठ्यानं हसत होतं.

दुसऱ्या दिवशी मथुरा आली. दोन दिवसांच्या तापानं डोळे मोठे दिसत होते. शारदाबाईंनी तिला जवळ बोलावून कपाळाला हात लावून पाहिला आणि जागेवर बसायला सांगितलं. मग त्या फळ्याकडे वळल्या.

"नऊ सक्के?"

थोडा वेळ गेला.

"त्रेपन्न," मथुरा म्हणाली.

या वेळी शारदाबाई लगेच वळल्या. मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आजाऱ्याला औषध पाजल्यावर घरातलं माणूस पाहतं तशी, उतरलं का नीट, अशी.

काल वाटेत जुळवलेली वाक्यं शारदाबाईंच्या तोंडात आली नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, डबा काढला आणि फळ्याखाली बसून सहा-सहा चिंचोके मोजायला सुरुवात केली. मथुरा समोर येऊन बसली. नऊ ढीग झाले. एकही ढीग शारदाबाईंनी घाईनं केला नाही. मथुरानं एकेक सरकवत मोजलं, चोपन्नला पोचली, आणि नेहमीसारखी हसली. बाईही हसल्या.

"मथुरा," चिंचोके भरता भरता त्यांनी विचारलं, "समोरच्या वर्गात बसायचं आहे का तुला?"

"नही."

"खरं सांग."

मथुरानं खाली पडलेला एक चिंचोका उचलला आणि तो डब्यात टाकण्याऐवजी तळहातावर फिरवत राहिली.

"मंग तुम्ही काय करणार?"

"मला पुष्कळ काम आहे. शाळेचा इतिहास लिहून द्यायचाय ना भोपाळला."

मथुरानं टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. त्याची जाडी मनाशी मोजली असावी.

"किती दिवस पुरंल तो?"

"पुरेल," शारदाबाई म्हणाल्या. "दे तो चिंचोका."

मधल्या सुट्टीआधीच त्या दीक्षित बहनजींच्या खोलीत गेल्या. बहनजींनी सगळं ऐकून घेतलं आणि टाक खाली ठेवला.

"बाईजी, एक बार और सोच लीजिए. अप्रैल तक तो मैं किसी को कुछ कहने नहीं दूँगी. उसके बाद आपको खंडवा भेजेंगे कि कहाँ, भगवान जाने."

"एप्रिलपर्यंत ती पोर काय करील?"

"उसके पिता की अर्ज़ी?"

"आणतील ते. दिवाळीपासून तयारच आहेत."

बहनजींनी वर्ग बदलण्याचं मोठं पुस्तक काढून त्यांच्यापुढे सरकवलं. वरच्या दहा नोंदी शारदाबाईंच्याच अक्षरात होत्या. कारणाच्या रकान्यात दहा वेळा 'पालकांची इच्छा' असं लिहिलेलं होतं. अकराव्या ओळीवर त्यांनी मथुराचं नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वर्गशिक्षिकेची शिफारस'. शाई वाळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

सोमवारी निंबा अर्ज देऊन गेला. शारदाबाईंसमोर तो हात जोडून नुसता उभा राहिला. मग शारदाबाई मथुराला घेऊन चौक ओलांडून गेल्या. हिंदी चौथीत चौतीस मुली होत्या. एका मुलीनं सरकून जागा केली, मग तिच्या शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं, आणि बस्करावर एका मुलीपुरती फट पडली. मथुरा तिथं बसली. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

"नाम क्या है तुम्हारा?" तिथल्या बहनजींनी विचारलं.

"मथुरा."

"ज़ोर से बोलो."

शारदाबाई दारातून निघाल्या. दुसऱ्यांदा सांगितलेलं नाव त्यांना चौकात ऐकू आलं.

लोटूनं दुसऱ्या दिवशी बस्करं अंथरली नाहीत. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, त्यानं दारातून नुसतं डोकावून पाहिलं आणि कोपऱ्यातली गुंडाळी तशीच ठेवली. शारदाबाई वेळेवर येत, टेबलाशी बसत, लिहीत. पहिले दोन दिवस मधल्या सुट्टीत मथुरा वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. पाणी हवं का बाई, असं तिनं एकदा विचारलं. दुसऱ्या दिवशी नुसतीच उभी राहिली. शारदाबाईंनी मान वर न करता सांगितलं, "मी कामात आहे. जा, खेळ जा." तिसऱ्या दिवशी ती आली नाही. शारदाबाईंची मान त्या दिवशी सारखी वर होत होती.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत चौकात एकदम कालवा झाला. शारदाबाईंनी कागदावर दौत ठेवली आणि त्या ओसरीवर आल्या.

खो-खोचा डाव थांबला होता. आठ-दहा मुलींच्या घोळक्यात मथुरा उभी होती, मुठी आवळून, परकराचा ओचा खोचलेली, आणि आपल्यापेक्षा वीतभर उंच मुलीच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होती.

"मैं बाद नही हुई! खांब को हात लगाया मैंने! सबने देखा! झूठ कायले बोलती तू?"

"नहीं लगाया!"

"लगाया! दस बार लगाया!"

त्या मुलीनं हिला ढकललं. हिनं तिला ढकललं. मग दोन्हीकडच्या मुली एकदम बोलू लागल्या. मथुराच्या बाजूनंही चार-पाच जणी भांडत आहेत, हे शारदाबाईंना त्या गोंधळातूनही कळलं. एकीनं तर मथुराचा हात धरून तिला मागं घेतलं आणि स्वतः पुढं झाली.

आवाज ऐकून दीक्षित बहनजी खोलीतून बाहेर आल्या.

"यह वही है न, बाईजी? आपकी मथुरा? इतना चिल्लाती है?" त्या पायरी उतरू लागल्या. "मैं देखती हूँ."

"नको," शारदाबाई म्हणाल्या. "भांडू द्या."

बहनजी पायरीवर थांबल्या.

भांडणाचा निकाल काय लागला ते कळायच्या आत लोटूनं घंटा वाजवली. घोळका फुटला आणि सगळ्या मुली ओसरीवरून वर्गाकडे धावत सुटल्या. मथुरा पुढेच होती. तोंड लाल झालेलं, वेणी सुटून फीत खांद्यावर लोंबत होती आणि तिचं मागच्या मुलीशी धापा टाकत बोलणं चालूच होतं, कल देख लेना, कल देख लेना. ती जवळ आली तशा शारदाबाई किंचित वाकल्या. फीत बांधावी म्हणून त्यांचा हात पुढे झाला.

मथुरा त्या हाताजवळून धावत निघून गेली. तिनं बाईंना पाहिलंच नाही.

मागून आणखी मुली येत होत्या. शारदाबाईंनी हात आवरला आणि त्यांना वाट मिळावी म्हणून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.